देवळातला नाद: घंटा, शंख, मंत्र, चौघडा यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुरोहित नाही, शास्त्रीही नाही. लहानपणापासून ग्रामदैवताच्या देवळात पहाटेच्या काकड्याला टाळ धरून उभा राहत आलो, आणि त्या आवाजांविषयी मिळेल तिथून विचारत, वाचत गेलो. आता लोक मला विचारतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

देवळात शिरताना घंटा का वाजवतात? देव झोपलेला असतो का?

पूजा सांगणारे गुरुजी घंटेला गंध-फूल वाहताना एक श्लोक म्हणतात: "आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम् । कुर्वे घंटारवं तत्र देवताह्वानलक्षणम् ॥" देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून हा घंटानाद, हे देवतेला बोलावण्याचं चिन्ह. म्हणजे घंटा हे नुसतं साधन नाही, पूजेत आधी तिचीच पूजा होते. हातातल्या घंटेच्या मुठीवर गरुड, नंदी किंवा हनुमान असतो तो उगाच नव्हे.

सभामंडपातली टांगलेली घंटा म्हणजे आपली वर्दी. ती एकदा, बेताच्या हाताने वाजवावी. मग पुढे जायची घाई करू नये. टोला पडल्यावर पहिला टणत्कार विरतो, त्याच्या खालून एक खोल गुणगुण उरते आणि ती थरथरत, कमी-जास्त होत बारीक होत जाते. ती पूर्ण मिटेपर्यंत तिथेच उभं राहून पाहा. डोक्यातली चपलांची, रांगेची, पार्किंगची चिंता तेवढ्यात खाली बसते. लहान मूल हट्टाने दहादा घंटा बडवतं तेव्हा त्याला रागावण्यापेक्षा उचलून घ्यावं आणि "आता आवाज कुठे जातो ते ऐक" म्हणावं. माझ्या आजोबांनी माझ्याबाबतीत हेच केलं होतं.

बाहेर पडतानाही वाजवायची का?

पुष्कळ ठिकाणी वाजवत नाहीत. बोलावण्यासाठी घंटा, तर निरोपाला कशाला, असा साधा विचार आहे. शेजारती झाल्यावर मात्र कुठेच वाजवू नये.

घंटा कोणत्या धातूची असते? ती सात सेकंद घुमते आणि सात चक्रं जागी होतात, हे खरं का?

चांगली घंटा काशाची असते, म्हणजे तांब्यात कथील मिसळलेलं. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. कथिलाने धातू कडक होतो, ठिसूळही होतो, पण आवाज लांबवर टिकतो. पितळेची घंटा स्वस्त पडते आणि लवकर गप्प होते. घंटेचं वर्तुळ कधीच अगदी तंतोतंत नसतं, त्यामुळे जवळजवळ सारखे दोन सूर एकाच वेळी निघतात आणि त्यांच्या भांडणातून ती थरथर येते.

सात सेकंदांच्या गोष्टीला मात्र आधार नाही. लहान घंटा दोन सेकंदांत थांबते, मोठी कितीतरी जास्त वेळ घुमते. घंटा गोड वाटते, मन एकवटतं, एवढं पुरेसं आहे.

नाशिकची नारोशंकराची घंटा पोर्तुगीज आहे, हे ऐकलं ते खरं का?

हो. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी सरदारांनी ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या. पंचवटीत गोदावरीकाठी नारोशंकरांनी १७४७ मध्ये बांधलेल्या रामेश्वर मंदिराच्या तटावर त्यातली एक आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे. विजयाची खूण म्हणून आणलेली वस्तू वितळवून टाकली नाही, देवापुढे टांगली आणि तिचा मूळ आवाज तसाच ठेवला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पूजेतला शंख आणि फुंकायचा शंख एकच का?

नाही. पूजेतल्या शंखात पाणी भरतात, त्याला गंध-फूल वाहतात (तुळस घालतात, अक्षता नाहीत) आणि "त्वं पुरा सागरोत्पन्नो" म्हणतात. फुंकायच्या शंखाचं टोक कापलेलं असतं. तो उष्टा होतो म्हणून वेगळा ठेवायचा. शंकराला शंखाने पाणी घालत नाहीत, ही रीतही बहुतेकांना माहीत असते.

फुंकताना फुफ्फुसांपेक्षा ओठ महत्त्वाचे. ओठ घट्ट मिटून त्यांच्यामधून हवा फरफरली पाहिजे. मग आतली वळणं तो आवाज मोठा करतात. सुरुवातीला नुसती हवा जाते, गाल दुखतात. आठवडाभर रोज पाच मिनिटं केलं की एके दिवशी अचानक शंख बोलतो.

दक्षिणावर्ती शंखाविषयी सावध राहा. खरा फार दुर्मीळ असतो, आणि बाजारात त्याच्या नावाने दुसऱ्याच जातीचे उजव्या वळणाचे शंख मोठ्या किमतीला विकतात.

ॐ कसा म्हणावा?

अ, उ आणि म. माण्डूक्य उपनिषद अवघ्या बारा मंत्रांचं आहे आणि सगळं याच एका अक्षराविषयी आहे: अकार जागेपणी, उकार स्वप्नात, मकार गाढ झोपेत, आणि त्यानंतर ज्याला मात्रा नाही असं चौथं. ते चौथं म्हणजे 'म' संपल्यावरची शांतता. म्हणून एका ॐकारावर लगेच दुसरा चढवायचा नाही, मध्ये थांबायचं. ज्ञानेश्वरांनी हीच तीन अक्षरं गणपतीच्या रूपात पाहिली: अकार म्हणजे पाय, उकार म्हणजे पोट, मकार म्हणजे मस्तक. मराठी माणसाला याहून सोपी शिकवण मिळणार नाही.

वेदमंत्रात स्वर चुकला तर एवढं काय बिघडतं?

पारंपरिक उत्तर वृत्राच्या गोष्टीत आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा पुत्र हवा होता. त्याने "इन्द्रशत्रुर्वर्धस्व" असा मंत्र म्हटला, पण आघात शेवटच्या अक्षराऐवजी पहिल्या अक्षरावर दिला. 'इंद्राचा शत्रू' याऐवजी 'इंद्र ज्याचा शत्रू, म्हणजे मारणारा' असा अर्थ झाला, आणि वृत्र मारला गेला. शब्द तेच, अक्षरं तीच, फक्त सूर हलला.

उदात्त, अनुदात्त आणि स्वरित हे तीन स्वर. ऋग्वेदाच्या पोथीत अक्षराखाली आडवी रेघ दिसली की अनुदात्त, डोक्यावर उभी रेघ दिसली की स्वरित, काहीच नसेल तर बहुधा उदात्त. पाठशाळेत गुरुजी शिष्याचं डोकं किंवा हात धरून त्या स्वराबरोबर हलवतात. सूर कानाच्या आधी अंगात उतरतो.

हे सगळं लिहून न ठेवता टिकलं कसं, त्याचं उत्तर विकृतीपाठात आहे. आधी संहिता म्हणायची, मग पदं सुटी करायची, मग क्रम: पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं. जटापाठात १-२, २-१, १-२. घनपाठात १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. एखादा शब्द गळला किंवा जागा बदलली की पुढचा टप्पा अडखळतो आणि चूक लगेच उघडी पडते. घनपाठी म्हणजे ही सगळी वीण तोंडात असलेला माणूस. वेदपठणाच्या या परंपरेला युनेस्कोने २००३ मध्ये मानवजातीच्या मौखिक वारशात मान दिला. एकदा तरी घनपाठ समोर बसून ऐका. अर्थ कळला नाही तरी चालेल. दोन घनपाठी समोरासमोर बसून एकमेकांच्या श्वासावर श्वास घेतात ते पाहण्यासारखं असतं.

लघुरुद्र म्हणजे नेमके किती पाठ?

रुद्राचे दोन भाग: नमक आणि चमक, दोन्ही तैत्तिरीय संहितेतले, प्रत्येकी अकरा अनुवाकांचे (अनुवाक म्हणजे वेदातला छोटा पाठभाग). नमक अकरा वेळा म्हणायचं आणि प्रत्येक आवृत्तीनंतर चमकाचा एकेक अनुवाक. ही झाली एकादशिनी. अशा अकरा एकादशिनी म्हणजे लघुरुद्र, नमकाचे १२१ पाठ. अकरा लघुरुद्र म्हणजे महारुद्र, १,३३१. अकरा महारुद्र म्हणजे अतिरुद्र, १४,६४१. लघुरुद्राला अकरा ब्रह्मवृंद बसवतात ते यासाठी. पिंडीवरची धार आणि पाठ दोन्ही अखंड राहिले पाहिजेत. धार तुटली तर पाठ सुरू असूनही अभिषेक तुटला असं मानतात.

पुरुषसूक्ताच्या सोळा ऋचा आणि सोळा उपचार यांचा संबंध आहे का?

आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नव्वदावं सूक्त, ऋचा सोळा. षोडशोपचार पूजेत आवाहनापासून मंत्रपुष्पापर्यंत प्रत्येक उपचाराला एकेक ऋचा म्हणतात.

मंत्रपुष्पांजली सगळे जोरात म्हणतात. तिचा अर्थ काय?

हा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण गणपतीच्या दहा दिवसांत घराघरांतून हे वेदमंत्र म्हटले जातात आणि म्हणणाऱ्यांना बहुधा कल्पनाही नसते की आपण वेद म्हणतो आहोत.

चार तुकडे आहेत. पहिला "यज्ञेन यज्ञमयजन्त देवाः", ही पुरुषसूक्तातली शेवटची ऋचा: देवांनी यज्ञानेच यज्ञ केला, तेच पहिले धर्म होते. दुसरा "राजाधिराजाय", तो कुबेराला, वैश्रवणाला नमस्कार. तिसरा "स्वस्ति साम्राज्यं भौज्यं", ऐतरेय ब्राह्मणातला राज्याभिषेकाचा भाग: समुद्रापर्यंतच्या सगळ्या पृथ्वीला एक राजा असावा, कल्याणाचं राज्य असावं. चौथा "तदप्येष श्लोकोऽभिगीतो", मरुत्त राजाची स्तुती: त्याच्या घरी मरुत् देव वाढपी होते आणि विश्वेदेव सभेत सभासद म्हणून बसले होते. आपण शेवटी "सभासद इति" म्हणून आवाज चढवतो आणि फुलं उधळतो, त्या वेळी एका राजाच्या पंगतीत देव वाढायला उभे आहेत हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा.

आणि "एकराळिति" यातला ळ जपा. मूळ शब्द 'एकराट्', त्याला 'इति' जोडल्यावर दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ट् चा ड होतो आणि ऋग्वेदी उच्चारात त्याचा ळ होतो. ऋग्वेदाचा पहिलाच मंत्र "अग्निमीळे" आहे. नंतरच्या संस्कृतात हे अक्षर विरळ झालं, मराठीत मात्र रोजच्या बाळ-फळ-कमळात टिकून राहिलं.

आरतीत शब्द चुकीचे म्हटले तर दोष लागतो का?

भावाने म्हटलेली आरती देव ऐकतोच, यावर माझा विश्वास आहे. तरीही ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं नाव आपण नीट घेतो, म्हणून शब्द नीट यावेत.

रामदासांच्या गणपतीच्या आरतीत "नुरवी पुरवी प्रेम" आहे. पुष्कळजण "नूर्वी पूर्वी" म्हणून पुढे सरकतात. नुरवी म्हणजे न उरवी: विघ्नाची वार्तासुद्धा उरू देत नाही, आणि प्रेम पुरवतो. एवढा सुंदर अर्थ घाईत हरवतो. "सर्वांगी सुंदर उटी शेंदुराची", ओटी नव्हे. अंगाला लावलेली उटी. "फणिवरबंधना", म्हणजे ज्याच्या पोटाला नागाचा पट्टा आहे तो. "फळीवर वंदना" नव्हे. "संकटी पावावे", संकष्टीचा इथे काही संबंध नाही.

मुलांना हे सांगायचं तर आरतीच्या मध्ये थांबवून चारचौघांत चुका काढू नयेत. दुपारी शांतपणे एक कडवं घेऊन बसावं. मुलं अर्थ कळला की शब्द स्वतःहून दुरुस्त करतात.

चौघडा, संबळ, दिमडी ही वाद्यं पूजेचाच भाग आहेत की करमणूक?

पूजेचाच. शास्त्रात गीत, वाद्य आणि नृत्य हे देवाला अर्पण करायचे उपचार आहेत, धूप-दीपासारखे. मोठ्या देवस्थानांत महाद्वारावर नगारखाना असतो. पहाटे तिथून सनई सुरू झाली की गावाला कळतं, देव उठला. सनई-चौघडा वाजवणारे गुरव आणि घडशी पिढ्यान्‌पिढ्या ही सेवा करत आले. हा नाद जातिधर्माच्या चौकटीत कधी बसला नाही: उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांचा रियाज काशीतल्या बालाजीच्या देवळात होत असे.

देवीचा गोंधळ संबळाशिवाय उभाच राहत नाही. दोन तोंडांची जोडी कमरेला बांधलेली, एका हातातल्या काठीचं टोक वाकडं. तिच्या घासण्यातून जो घुमारा निघतो तो ऐकला की अंगावर काटा येतो. सोबत तुणतुणं आणि पेटती दिवटी. जेजुरीला वाघ्याच्या हाती दिमडी, मुरळीच्या हाती घाटी. आणि वाद्य नसेल तर कंठ आहेच: "येळकोट येळकोट जय मल्हार", जोतिबाच्या डोंगरावर "चांगभलं", तुळजापुरात "आई राजा उदो उदो". हे गजर म्हणजे या मातीतले मंत्रच आहेत. त्यांना वेदमंत्रांच्या खालची पायरी देणं मला पटत नाही.

पंढरपुरात विठ्ठलापुढे मंत्र म्हणतात की अभंग?

दोन्ही. परंपरेने तिथे कामं वाटलेली होती: बेणारी मंत्र म्हणणार, हरिदास पदं गाणार, पुजारी प्रत्यक्ष पूजा करणार, डांगे चांदीचा दंड घेऊन उभे राहणार. संस्कृत आणि मराठी एकाच पूजेत, एकाच गाभाऱ्यात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर विठ्ठलाचे बडवे आणि रुक्मिणीचे उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपले आणि व्यवस्था मंदिर समितीकडे गेली.

इतर प्रांतांतही देशी भाषेला असं स्थान आहे का?

तमिळ शिवमंदिरांत ओदुवार, म्हणजे देवळातले गायक, तेवारम ही शैव संतांची तमिळ पदं गातात. श्रीरंगमला अरैयर नावाचे सेवेकरी आळ्वारांचं, म्हणजे वैष्णव संतांचं, तमिळ दिव्यप्रबंध गाऊन आणि अभिनयाने सादर करतात. केरळात गाभाऱ्याच्या पायऱ्यांशी उभं राहून इडक्का या तालवाद्याच्या साथीने सोपानसंगीत होतं. नादस्वरम् (सनईसारखं वाद्य) आणि तविल (ढोल) तर दक्षिणेतल्या देवळांचा श्वासच आहेत. हंपीच्या विठ्ठल मंदिरात वाजणारे दगडी खांब आहेत. ते आता वाजवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

शांततेला पूजेत जागा आहे का?

आषाढी वारीत मुक्कामाच्या तळावर समाजआरतीच्या वेळी हे पाहायला मिळतं. हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याशी बोललेलं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड उंच करतो, आणि क्षणात सगळं थांबतं. इतकं, की लांबच्या बैलाच्या गळ्यातली घुंगरं ऐकू यावीत. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तेवढीच दिंडी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातात, गाऱ्हाणं ऐकतात, मग तिचेही टाळ थांबतात. आवाज चढवून कोणी भांडत नाही. गाऱ्हाणंसुद्धा टाळाच्या भाषेत मांडणारी ही शिस्त मला अजून कुठे दिसलेली नाही.

स्त्रियांनी मंत्र म्हणावेत का?

माझं उत्तर: जरूर. वेगळं मानणारे संप्रदाय आहेत, त्यांच्या देवळात त्यांची रीत पाळावी. पण पुण्यात ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवलं, आणि ऋषिपंचमीच्या पहाटे दगडूशेठ गणपतीपुढे हजारो महिला एका सुरात अथर्वशीर्ष म्हणतात. ते एकदा ऐकलेला माणूस हा प्रश्न पुन्हा विचारत नाही. (आवर्तनं करताना फलश्रुती फक्त शेवटच्या वेळी म्हणायची, हे नवख्यांनी लक्षात ठेवावं.)

शंखनादाने जंतू मरतात, सूर्यातून ॐ ऐकू येतो, हे सांगावं का मुलांना?

नको. अंतराळाच्या पोकळीत ध्वनी प्रवासच करत नाही. सूर्याचे म्हणून फिरणारे आवाज हे त्याच्या कंपनांच्या मोजमापावरून यंत्राने बनवलेले असतात. मुलगा उद्या भौतिकशास्त्र शिकेल, ही गोष्ट खोटी ठरेल आणि तिच्याबरोबर आजीने शिकवलेला खरा ॐकारही तो टाकून देईल. मला ती भीती वाटते. तेराव्या शतकात देवगिरीत बसून संगीतशास्त्रकार शार्ङ्गदेवाने नादाचे आहत आणि अनाहत असे दोन भेद मांडले: आघाताने निघणारा आणि आघाताविना आत चालणारा. आपल्याकडे सांगण्यासारखं इतकं असताना उसनं कशाला आणायचं?

विजेवर चालणारा नगारा आणि भोंगा लावावा का?

आमच्या जवळच्या एका देवळात काही वर्षांपूर्वी बटण दाबलं की नगारा, झांज आणि घंटा एकदम वाजणारं यंत्र बसवलं. पूर्वी आरतीला नगाऱ्याच्या टिपऱ्यांसाठी आम्ही मुलं भांडायचो. आता आरतीला चार माणसं उभी असतात, हात बांधून. यंत्राला ताल कळतो, पण कडवं कधी लांबलं, म्हातारे गुरव दम खायला कधी थांबले, हे कळत नाही. ज्या देवळात खरंच कोणी नाही तिथे मी दोष देणार नाही, पण एक जरी मूल येत असेल तर टिपऱ्या त्याच्या हातात द्या.

भोंग्याचं उत्तर कायद्यातच आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ तो बंद ठेवावा लागतो. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल. काकडा सहाच्या आधी होतो, म्हणजे तो भोंग्याविनाच व्हायचा. झालाही तो शेकडो वर्षं तसाच.

घरी सुरुवात कशाने करावी?

एक लहान काशाची घंटा आणि एक आरती. रोज तीच. घंटा डाव्या हातात, निरांजन उजव्या हातात. पहिले काही दिवस दोन्ही हात वेगवेगळे चालत नाहीत, ताट फिरलं की घंटा थांबते. महिन्याभरात जमतं. आरती झाली की घंटा खाली ठेवण्याआधी तिचा आवाज पूर्ण मिटू द्या, आणि मग नमस्कार करा.